पुटकुळी

मंगळवार, रात्री उशिरा

आज पटकथेची चार पानं काढून टाकली. चारही फ्लॅशबॅकची होती. आठवडाभर खपून लिहिलेली, त्यामुळे जीवावर आलं. पण आता मोकळं वाटतंय.

पटकथा फ्रेंच लेखक सार्त्रच्या 'नो एक्झिट' या नाटकावरची. ते 1944 च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये आलं, तेव्हा शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. मेल्यानंतरची एक बंद खोली. आत तीन सोफे, एक ब्राँझचा पुतळा आणि कागद कापायची सुरी. दिवा विझत नाही, आरसा नाही, पापण्याही लवत नाहीत. गार्सँ, इनेझ आणि एस्तेल, तिघं कायमचे एकमेकांसमोर. तीन मित्रांसाठी लिहायचं होतं, कुणाची भूमिका कमी वाटू नये म्हणून कुणालाच विंगेत पाठवलं नाही, असं सार्त्रने पुढे सांगितलं होतं. कॅमेऱ्याला नेमकं हेच जड जातं. एकाचा क्लोजअप घेतला की उरलेले दोघं खोलीबाहेर गेल्यासारखे वाटतात.

फ्रेंच दिग्दर्शिका जाकलीन ओद्रीने 1954 साली यावर चित्रपट केला. आर्लेती त्यात इनेझ झाली. नाटकातली माणसं ज्या जिवंत जगाबद्दल नुसती बोलतात, ते ओद्रीने पडद्यावर दाखवलंय. मीही तेच करत होतो. गार्सँ युद्ध टाळून पळताना, सरहद्दीवर पकडला जाताना, गोळ्या झेलताना. तो भित्रा होता की तत्त्वाला जागला, हे त्याला इनेझकडून ऐकायचंय, म्हणून तर दार उघडतं तरी तो जात नाही. पळतानाचा त्याचा चेहरा मी प्रेक्षकाला दाखवला, तर प्रेक्षक आपला निकाल देऊन मोकळा होईल. मग इनेझची गरज काय उरली?

हे कळलं ते एस्तेलच्या प्रवेशामुळे. तिला ओठ रंगवायचेत आणि आरसा नाही. इनेझ म्हणते, मी तुझा आरसा. एस्तेल तिच्या डोळ्यांत स्वतःला शोधते, तर तिथे ती एवढीशी दिसते. मग इनेझ सांगते, गालावर खाली काहीतरी लाल दिसतंय, पुटकुळी आहे. एस्तेल हादरते. नाट्यगृहात कुणालाच तिचा गाल तेवढा जवळून दिसत नाही. मी मात्र तिथे गालाचा मोठा क्लोजअप लिहिला होता! त्यात पुटकुळी असली तरी पंचाईत, नसली तरी पंचाईत.

संध्याकाळी धाकट्या बहिणीला खुर्चीत बसवलं, फोन समोरच्या कपाटावर ठेवला, आणि काही न सांगता म्हटलं, "गालावर पुटकुळी आलीय गं तुझ्या." तिचा हात लगेच गालावर गेला. बोटांनी चाचपलं, काही लागलं नाही, तरी हात खाली येईना. "कुठे? इथे का?" ती मलाच विचारत राहिली. आरसा शेजारच्या खोलीत होता, पण ती उठली नाही. नंतर खरं सांगितलं, तिची माफी मागितली.

तो शॉट आत्ता पुन्हा पाहिला. लांबून घेतलेला, एकही कट नाही. गाल हाताखाली झाकलेला आहे. पहिल्या पानावर तोच कॅमेरा लिहिलाय, गार्सँच्या सोफ्यावरून.