मॉन्स्टेरा अळूच्या कुळातला, पण अळूसारखा लावू नका

न्हाणीचं पाणी जातं त्या ओलीवर अळू माजतो. मुळं बारा महिने चिखलात असली तरी त्याचं काही बिघडत नाही. घरात कुंडीत लावतात तो मोठ्या, चिरलेल्या पानांचा मॉन्स्टेरा डेलिसिओसा त्याच कुळातला. सुरण आणि मनी प्लांटही त्याचे भाऊबंद. पण दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या त्याच्या मूळ जंगलात तो मोठ्या झाडांच्या खोडांना मुळांनी धरून वर चढतो. ती मुळं सालीच्या खाचांत आणि कुजक्या पाल्यात असतात. पावसाने चिंब होतात आणि पाऊस थांबला की मोकळ्या हवेत असतात. कुंडी बदलताना जे बिघडतं, त्यातलं बहुतेक हा फरक लक्षात न घेतल्यामुळे बिघडतं.

कुंडी बदलायची कधी? तळाच्या भोकांतून मुळं बाहेर आली, पाणी घातल्याबरोबर खालून निघून जायला लागलं, किंवा पुरेसा उजेड असूनही नवीन पान आधीच्यापेक्षा लहान यायला लागलं, की वेळ झाली. चांगल्या वाढीच्या झाडाला दीड-दोन वर्षांनी ही गरज पडते. फेब्रुवारीअखेर ते मार्च, नाहीतर उन्हाळा सरून पहिले पाऊस पडल्यावर, हे दोन काळ आपल्याकडे उत्तम. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो तेव्हा नवीन मुळं जवळपास फुटत नाहीत आणि तुटलेली भरून येत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तर हे काम हातीच घेऊ नये.

आता कुंडीचं माप. सहा इंची कुंडीतलं झाड आठ इंचीत जातं, बारा इंचीत नाही. व्यास दुप्पट झाला की त्याच घडणीच्या कुंडीत माती आठपट मावते. मुळं तेवढीच, आणि ओल धरून बसणारी माती आठपट. ती वाळायला दहा-पंधरा दिवस घेते, तेवढ्यात मातीतल्या पोकळ्यांतला ऑक्सिजन संपतो आणि मुळं गुदमरतात. कुजवणारी बुरशी त्यानंतर येते. ‘पुन्हा पुन्हा बदलायला नको’ म्हणून मोठी कुंडी घेणं हीच या झाडाच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

मातीची की प्लास्टिकची, हे गाव बघून ठरवावं. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत मातीची कुंडी बरी, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडते. नागपूर किंवा संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच कुंडी दिवसाआड पाणी मागते, तिथे प्लास्टिक सोयीचं. मातीची नवी कुंडी आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिलं पाणी तीच पिऊन टाकते.

तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर घालायची पद्धत जुनी आहे, पण तिचा उपयोग होत नाही. घरी करून बघता येतं. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. गळायचा थांबला की उभा करा. आणखी थोडं पाणी गळेल आणि थांबेल, पण खालची बोटभर पट्टी ओलीगच्च राहील. कुंडीतल्या मिश्रणाचंही तसंच होतं. खाली खडे घातले तर ही ओली पट्टी नाहीशी होत नाही, ती खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

मिश्रण हाच या कामाचा गाभा. काळी माती नकोच. ती भिजली की फुगते, वाळली की तडकते, आणि तडकताना बारीक मुळं तोडते. नुसती लाल मातीही कुंडीत काही महिन्यांत दबून घट्ट होते. मापाला अर्ध्या लिटरचा मग घ्या. नारळाच्या सोडणाचे तुकडे तीन मग, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) दोन मग, पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) दोन मग, गांडूळखत एक मग आणि निंबोळी पेंड दोन मोठे चमचे. सहा इंचीतून आठ इंचीत जायला एवढं पुरून थोडं उरतं. पर्लाइट नसेल तर विटेचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात, फक्त भुकटी चाळून काढा. भुकटी राहिली तर तीच पोकळ्या बुजवते. पर्लाइटवर आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

कोकोपीट धुवूनच घ्या. ते दाबून केलेल्या विटेच्या रूपात मिळतं; साडेसहाशे ग्रॅमच्या विटेला तीन ते चार लिटर पाणी लागतं. फुलल्यावर जुन्या पंच्यात घालून पिळा आणि पुन्हा भिजवा. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं, त्यात क्षार असतात. ते फिकट होईपर्यंत दोन-तीन वेळा धुवा. न धुता वापरलेल्या कोकोपीटमुळे पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. सोडणाचे तुकडे रात्रभर भिजत घाला.

झाडाला आदल्या दिवशी पाणी द्या, ओली मुळं वाकतात आणि कमी तुटतात. हातमोजे घाला: अळू चिरताना हात ज्यामुळे खाजतात, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्या चिकातही असतात. कुंडी आडवी करून चारी बाजूंनी दाबा आणि खोड बुंध्याशी धरून गोळा सरकवत काढा. पानांचे देठ धरून ओढू नका.

गोळा हातात आला की मधोमध बोटं घालून चाचपा. नर्सरीतून आलेल्या बऱ्याच झाडांत, रोप लहान असताना ज्या कोकोपीटच्या गुंडीत लावलेलं असतं ती तशीच आत असते, कधी पातळ जाळीदार कापडासकट. ही गुंडी बाहेरच्या मातीपेक्षा वेगळ्या वेगाने वाळते, आणि वरून माती कोरडी दिसत असताना बुंध्याशी ती ओलीच असते. कापड कात्रीने उभं कापून जेवढं सुटेल तेवढं काढा. मुळं आरपार गेली असतील तिथे ओढाताण करू नका.

निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असतं आणि दाबलं तर टणक लागतं. सडलेलं मूळ ओळखायला चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी सुटून येते, आत दोऱ्यासारखा तंतू उरतो आणि आंबूस वास येतो. असं मूळ स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने पांढरा गर दिसेपर्यंत कापा. खूप मुळं कापावी लागली, तर मोठी कुंडी विसरा. त्याच मापाची, किंवा एक माप लहान घ्या. मुळं चांगली असतील तर तळाशी गोल गोल फिरलेली तेवढी बोटांनी मोकळी करा, सगळी जुनी माती झटकू नका.

आधार द्यायचा असेल तर तो आत्ताच, कारण नंतर काठी खुपसली की ती मुळांतून जाते. मॉन्स्टेराला पाठ-पोट असतं. पानं एका बाजूला वळतात, हवेतली जाड मुळं दुसऱ्या बाजूने निघतात. मुळांची ती पाठ. काथ्या गुंडाळलेली काठी पाठीला लावा आणि कुंडीच्या तळापर्यंत न्या. बांधताना खोड बांधा, देठ नाही. देठ उजेडाकडे वळायला मोकळा हवा. हवेतली मुळं कापू नका. पोहोचतील ती मातीत वळवा, बाकीची काठीला.

खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. मिश्रण बाजूंनी ओता आणि कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटा, बसायचं तेवढं बसतं. अंगठ्याने दाबलं की एवढ्या मेहनतीने राखलेली पोकळी गेली. वर इंचभर जागा सोडा. भोकांतून वाहीपर्यंत पाणी द्या, दहा मिनिटांनी पुन्हा एकदा, आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका. पुढचं पाणी वार ठरवून नको. बोटाची दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच.

दोन आठवडे खिडकीपासून जरा लांब ठेवा. चार-सहा दिवस पानं मलूल राहणं आणि खालचं एखादं पिवळं पडणं अपेक्षितच आहे. माती ओली असताना एकामागून एक पानं पिवळी पडत असतील तर मात्र वाट न बघता मुळं उघडून पाहा. सकाळी पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसले तर मिश्रण चांगलंच ओलं आहे, पुढचं पाणी लांबवा. चिलटं झाली तर वरचा थर वाळू द्या आणि पिवळे चिकट सापळे लावा, कारण त्यांच्या अळ्या ओल्या थरातच जगतात. खत चार ते सहा आठवडे नको. गांडूळखत आहेच, आणि ताज्या जखमांवर खताचे क्षार लागतात. नवीन पानाची सुरळी दिसली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत.