अक्सब्रिजच्या बंकरमध्ये विंग कमांडर काका

लंडनला येणाऱ्या मराठी ग्रुपना फिरवणं हा माझा व्यवसाय. बकिंगहॅम पॅलेस, लंडन आय, मादाम तुसाँ, जमलं तर ग्रीनिच. पश्चिमेला अक्सब्रिजचं ‘बॅटल ऑफ ब्रिटन बंकर’ कुठल्याच टूर कंपनीच्या यादीत नसतं. त्या ग्रुपच्या यादीत ते होतं ते एका प्रवाशाच्या हट्टापायी. पुण्याचे निवृत्त विंग कमांडर, वय पंच्याहत्तरच्या घरात. बाकीची मंडळी तोंड वाकडं करूनच बसमध्ये चढली होती.

जमिनीखाली साधारण 60 फूट, उतरायला 76 पायऱ्या. काकूंच्या गुडघ्यांची मला काळजी, पण काका त्यांचा हात धरून सगळ्यांच्या आधी खाली पोचले. ऑपरेशन्स रूम 15 सप्टेंबर 1940 च्या सकाळी साडेअकराला होती तशीच मांडून ठेवली आहे. मध्ये आग्नेय इंग्लंड आणि इंग्लिश खाडीचा नकाशा असलेलं भलंमोठं टेबल, समोरच्या भिंतीवर दिव्यांचा फळा, वर वक्राकार काचेमागे अधिकाऱ्यांची जागा. 1940 च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांशी लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या आकाशाची लढाई इथून चालवली ती ब्रिटिश हवाई दलाच्या 11 ग्रुपचे, म्हणजे या भागातल्या लढाऊ विमानांच्या विभागाचे, प्रमुख एअर व्हाइस मार्शल कीथ पार्क यांनी.

तिथला गाइड इंग्रजीत सांगत होता, मी मागे उभी राहून आजी-आजोबांना मराठीत. तो घड्याळाबद्दल बोलायला लागला आणि काकांना राहवेना. घड्याळाच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे पट्टे आहेत, लाल, पिवळे, निळे. विमानांची बातमी आली की काटा ज्या रंगावर असेल त्याच रंगाची खूण टेबलावर ठेवायची. काकांनी काकूंना जवळ ओढलं. “हे बघ, रंगावरून कळतं बातमी किती शिळी आहे ते. विमान दर मिनिटाला मैलोन् मैल पुढे सरकतंय, दहा मिनिटांपूर्वीची खूण टेबलावर राहिली तर आपली पोरं रिकाम्या आकाशात जायची.” काकांची सगळी नोकरी फायटर कंट्रोलर म्हणून, म्हणजे जमिनीवरून लढाऊ विमानांना वाट दाखवण्यात गेलेली, पंजाबातल्या रडार युनिटांवर. “आमच्याकडे टेबलाऐवजी उभी पारदर्शक काच. पोरं मागे उभी राहून उलटी अक्षरं लिहायची, म्हणजे आम्हाला पुढून सुलटी दिसायची.” गाइडला मी हे सांगितलं तर तो गडी बाजूलाच झाला. म्हणाला, आता तुम्हीच बोला.

मग गोष्ट निघाली चर्चिलची. त्या 15 सप्टेंबरला पंतप्रधान इथेच बसले होते. फळ्यावर टँगमेअर, केनली, बिगिन हिल, हॉर्नचर्च असे विमानतळांचे रकाने, आणि कुठली तुकडी तयार, कुठली हवेत, कुठली शत्रूशी भिडली, हे दिव्यांवरून दिसायचं. चर्चिलने विचारलं, राखीव काय उरलंय? पार्क म्हणाला, काही नाही.

हे सांगितलं की ऐकणारे हळहळतात, “बापरे, केवढी वेळ आली होती!” त्या दिवशीही हळहळले. काका मात्र फळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “त्याने राखून ठेवायचं तरी कुठे? कॅले ते लंडन अंतर ते किती! जमिनीवर उभी राहिलेली विमानं म्हणजे बाँबवाल्यांची मेजवानी. सगळी वर पाठवली हाच हिशोब बरोबर. खरा धोका पुढच्या तासात. विमानात तासा-सव्वा तासाचं इंधन, सगळी एकदम भरायला उतरली आणि दुसरी लाट आली तर संपलं. म्हणून त्याने शेजारच्या 12 ग्रुपकडून आधीच तीन तुकड्या मागून ठेवल्या होत्या. पंतप्रधानासमोर एका शब्दाची सारवासारव नाही. असा वरिष्ठ मिळायला नशीब लागतं, बाई.”

त्या दिवशी 185 जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर झालं होतं. खरा आकडा साठच्या आसपास. तरी पुरला.

बसमध्ये काकूंनी विचारलं, “मग या पार्कला मोठं पद दिलं असेल ना?”

कसलं काय! 12 ग्रुपचे प्रमुख ली-मॅलरी आणि त्यांचा वैमानिक डग्लस बेडर यांचं म्हणणं, एकदम मोठ्या थव्याने तुटून पडावं. पार्कचं म्हणणं, थवा जमेपर्यंत बाँब पडून गेलेले असतात. लंडनच्या वरिष्ठ कचेरीत यावर ऑक्टोबरमध्ये बैठक झाली, वर्ष संपायच्या आत फायटर कमांडचे, म्हणजे या सगळ्या ग्रुपांचे, प्रमुख डाउडिंग पदावरून गेले, पार्कला प्रशिक्षणाच्या कामाला धाडलं आणि 11 ग्रुप मिळाला ली-मॅलरीला. काका एवढंच म्हणाले, “सगळीकडे असंच चालतं.” मला स्वतःला याची चीड येते. जिंकलेल्या सेनापतीला कोणी असं काढतं?

हा पार्क न्यूझीलंडचा, आधी बोटीवर हिशोब सांभाळणारा पर्सर. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात, आधी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीची आणि मग फ्रान्समधल्या सोमची लढाई. तिथे जखमी झाल्यावर घोड्यावर बसायला नालायक ठरवला, तर हा गेला विमान चालवायला! पुढे जुलै 1942 मध्ये माल्टा त्याच्या हाती दिलं. तिथे त्याने बाँबर बेटावर यायची वाट न पाहता त्यांना समुद्रावरच गाठायला सुरुवात केली आणि थोड्याच आठवड्यांत दिवसाचे हल्ले ओसरले. आग्नेय आशियाच्या हवाई दलांचं प्रमुखपद ठरलं होतं ली-मॅलरीचं, पण नोव्हेंबर 1944 मध्ये तिकडे निघालेलं त्यांचं विमान आल्प्समध्ये कोसळलं आणि 1945 च्या सुरुवातीला ती जागा पार्ककडे आली. हे मी सांगत असताना काका एकदम ताठ बसले. “म्हणजे ब्रह्मदेशात लढणाऱ्या आपल्या तुकड्या त्याच्याच हाताखाली! आम्हाला हे कोणी शिकवलंच नाही.”

वॉटर्लू प्लेसमध्ये पार्कचा पुतळा आहे, हातमोजे चढवतानाचा. तो बसला 2010 साली, लढाईनंतर 70 वर्षांनी. काकांसाठी बस तिकडे वळवली. शॉपिंगवाल्यांची कुरकुर झाली, पण निम्मे लोक खाली उतरले आणि त्यांनी काकांनाच मध्ये उभं करून फोटो काढले. पुढच्या ग्रुपसाठी मी बंकरला दीड तास मागितलाय. टूर कंपनी पाऊण तासावर अडून बसली आहे, घासाघीस चालू आहे.