एका चुकीच्या आकड्यापायी गेलेले सात आठवडे

सिंहगड रस्ता परिसरात मी सोळा वर्षे घरांच्या खरेदी-विक्रीचे काम करते आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण आयुष्यातले पहिले घर घेत असतात. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली, तेव्हा वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रात्री बसून अभ्यास करून मी ते प्रमाणपत्र मिळवले. त्याचा मला अभिमान आहे. परंतु गेल्या वर्षी एका परिचारिकेच्या घराच्या व्यवहारात जो अडथळा आला, त्याचे उत्तर त्या अभ्यासात नव्हते, आणि त्या सात आठवड्यांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

घर पसंत पडणे, भाव ठरणे, विसार देणे आणि बँकेची प्राथमिक मंजुरी हे सगळे तीन आठवड्यांत उरकले. फ्लॅट पुनर्विक्रीचा होता आणि किंमत ४६ लाख रुपये ठरली. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना मी पहिल्याच भेटीत कागदावर एक हिशेब मांडून दाखवते, कारण तो त्यांना सहसा कोणी सांगितलेला नसतो. एवढ्या रकमेच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे ९ लाख २० हजार रुपये स्वतःचे, त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले, तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते. येथे ती ४६ हजारांची होती. "मग तिच्याच नावावर करा, ताई," असे तिच्या नवऱ्याने लगेच सांगितले.

त्यानंतर बँकेच्या पॅनेलवरील वकिलांनी कागदपत्रांची साखळी तपासायला घेतली. बिल्डरने पहिल्या मालकाला १९९६ मध्ये करून दिलेला करारनामा आणि त्या मालकाकडून सध्याच्या विक्रेत्याने २००८ मध्ये केलेली खरेदी, असे दोन दस्त होते. त्यांपैकी १९९६ चा मूळ करारनामा हरवलेला निघाला. विसार घेताना विक्रेत्याने "सगळे कागद घरात आहेत" असे सांगितले होते आणि मी ते कागद डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरला नव्हता. ही चूक माझी होती, आणि त्या मुलीचे एक लाख रुपये त्या चुकीत अडकले होते.

वकिलांनी चार गोष्टी मागितल्या: कागद गहाळ झाल्याची पोलिसांतील नोंद, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, विक्रेत्याचा इंडेम्निटी बाँड (पुढे नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी) आणि करारनाम्याची नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत. पहिल्या तीन गोष्टी नोटिशीची मुदत धरून पंधरवड्यात झाल्या. चौथीने आमचा जीव काढला.

१९९६ चा दस्त संगणकीकरणाच्या आधीचा असल्यामुळे तो ऑनलाइन शोधता येत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून जुन्या रेकॉर्डमधून तो काढून घ्यावा लागतो. २००८ च्या दस्तात जुन्या कराराचा क्रमांक ४१८७ असा छापलेला होता, तोच मी अर्जात लिहिला. पहिल्या खेपेला समजले, की कार्यालयांची हद्द बदलल्यामुळे त्या वर्षाचे रेकॉर्ड दुसऱ्या कार्यालयात गेले आहे. त्या दुसऱ्या कार्यालयात रेकॉर्ड सांभाळणारे लिपिक रजेवर होते आणि त्यांच्या जागी कपाटाला हात लावायची कोणाची तयारी नव्हती. त्यानंतर दोनदा "बुधवारी या" हे उत्तर मिळाले. पाचव्या खेपेला एकदाचा बांधीव खंड टेबलावर आला, तर ४१८७ क्रमांकावर दुसऱ्याच गावच्या शेतजमिनीचे खरेदीखत निघाले. नावावरून सूचीत शोध घ्या, अशी मी विनंती केली. "क्रमांक बरोबर आणा, मग बघू," असे म्हणून त्यांनी खंड मिटला.

त्या दिवशी ती मुलगी रात्रपाळी संपवून थेट कार्यालयात आली होती. अंगावर गणवेश तसाच होता आणि मांडीवर फाइल घट्ट धरलेली होती. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता, मंजुरीपत्राची मुदत जवळ येत होती आणि विक्रेता दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे ऐकवत होता. एका रकान्यातल्या आकड्याशी तिचा काहीही संबंध नसताना तिला असे बाकावर बसावे लागले, याची चीड मला आज लिहितानाही येते आहे.

उत्तर अखेर सोसायटीतच सापडले. सोसायटी स्थापन करताना प्रत्येक सभासदाकडून कराराची झेरॉक्स घेतलेली असते, हे मला आठवले आणि मी पहिल्या सचिवांच्या घरी गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या आजोबांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली. पिवळ्या पडलेल्या झेरॉक्सवर गोल शिक्का अर्धवट उमटला होता, पण त्याच्या खाली हाताने लिहिलेला क्रमांक स्वच्छ वाचता येत होता: ४८१७. २००८ मध्ये टंकलेखकाने दोन आकडे उलटे केले होते, आणि दोन्ही बाजूंनी सह्या करताना ते कोणी ताडून पाहिले नव्हते. योग्य क्रमांकाने अर्ज केल्यावर चार दिवसांत प्रमाणित प्रत हातात आली.

प्रमाणित प्रती नेहमी दोन घ्याव्यात. एक बँकेत जमा होते आणि दुसरी घरी राहते. आम्ही नव्या दस्तात क्रमांक दुरुस्त करून घेतला, नाहीतर पुढच्या खरेदीदारालाही हेच भोगावे लागले असते. आता मी विसार पावतीतच स्पष्ट लिहून घेते, की साखळीतला एखादा कागद न मिळाल्यास मुदत वाढेल किंवा विसार पूर्ण परत मिळेल. पहिला मूळ करार समोर ठेवल्याशिवाय मी कोणाला एक रुपयाही देऊ देत नाही. माझी दलाली मी पूर्वीपासूनच दस्त नोंदणी झाल्यानंतर घेते. ती पद्धत या वेळी मला फार बरी वाटली, कारण त्या सात आठवड्यांत तिच्या डोळ्याला डोळा देऊन बोलता आले.

नोंदणी झाली, त्या दिवशी तिने इंडेक्स टूवरचे, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावरचे, स्वतःचे नाव दोनदा वाचले आणि मग तो कागद नवऱ्याच्या हातात दिला.

त्या सोसायटीत चोवीस घरे आहेत. दर रविवारी सकाळी आजोबा, मी आणि ती असे तिघे बसून पेटीतल्या झेरॉक्स आणि प्रत्येकाच्या घरातले दस्त ताडून पाहतो आहोत. सोळा घरांचे क्रमांक जुळले आहेत, आठ राहिले आहेत.