स्टेशन रस्त्यावरील गुलमोहरांची पाहणी

पश्चिम महाराष्ट्रातील एका नगरपरिषदेच्या उद्यान विभागाचे काम मी पाहते. आमच्या शहरातील स्टेशन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहरांची रांग आहे आणि चौकाच्या टोकाला काही जुने पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) आहेत. 1972 च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत लवकर वाढणारे आणि लवकर सावली देणारे म्हणून हे वृक्ष ठिकठिकाणी लावले गेले. ही रांग त्याच काळातली आहे. त्यामुळे यातील सगळी झाडे साधारण एकाच वयाची आहेत आणि साधारण एकाच वेळी म्हातारी झाली आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मोकळ्या जागेत त्याच्या उथळ मुळ्या चहूबाजूंना लांबवर पसरतात, पण रस्त्याकडेला त्याला एका बाजूला डांबर आणि दुसऱ्या बाजूला गटार असे जगावे लागते. लाकूड मुळात ठिसूळ असल्याने अशा जागी चाळीस-पन्नास वर्षांनंतर त्याचा भरवसा देता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री, वाऱ्याची झुळूकही नसताना, या रांगेतील एका झाडाची मोठी फांदी मोडून पदपथावर आडवी पडली. रसवंतीचा एक गाडा तिच्याखाली चेपला गेला. माणूस कोणी नव्हता, हे नशीब. दुसऱ्या दिवशी कार्यालयात दोन निवेदने आली. व्यापाऱ्यांच्या निवेदनात सगळी धोकादायक झाडे पावसाळ्यापूर्वी काढण्याची मागणी होती आणि रहिवाशांच्या निवेदनात एकाही झाडाला हात लावू नये असे म्हटले होते. दुसऱ्या निवेदनावर पहिली सही एका निवृत्त मुख्याध्यापकांची होती. मी त्यांना फोन करून सांगितले, "सर, आम्ही एकेक झाड तपासणार आहोत. आपण स्वतः बरोबर या. जे दिसेल ते सगळ्यांसमोर लिहून घेऊ." ते तर आलेच, त्यांच्यासोबत वीस-पंचवीस माणसेही आली, आणि त्यात व्यापारीही होते.

मोठ्या महानगरपालिका खोडात ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी दाखवणारी यंत्रे भाड्याने आणू शकतात. आमच्याकडे लाकडी हातोडा, लोखंडी सळई, बॅटरी, मोजपट्टी आणि आमचे मुकादम होते. मुकादमांनी बुंध्यापासून छातीच्या उंचीपर्यंत फिरत फिरत हातोड्याने ठोके द्यायचे आणि मी नोंद करायची, असे ठरले. सुरुवातीला मागे उभ्या असलेल्या लोकांच्या चेहऱ्यावर अविश्वास स्पष्ट दिसत होता. पण तीन-चार झाडांनंतर भरीव आणि पोकळ खोडाच्या आवाजातला फरक, भरलेल्या आणि रिकाम्या माठावर बोट मारावे तसा, सगळ्यांच्याच कानाला कळू लागला. मग लोक स्वतःहून "इथे पुन्हा मारा" असे सांगू लागले.

खरा पेच पोस्टासमोरच्या झाडापाशी आला. रांगेतले हे सर्वांत देखणे झाड होते. लालभडक फुलांनी ते लगडले होते आणि पालवीही दाट होती. सर म्हणाले, "मॅडम, याला तरी तुम्ही निरोगी म्हणालच." मुकादमांनी ठोका दिला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. गटाराच्या बाजूने खोडाचा जवळजवळ अर्धा घेर पोकळ वाजत होता. बुंध्याशी मातीला टेकून तपकिरी, कडक, अर्धगोल आळंबी उगवली होती. ती गॅनोडर्मा या प्रजातीतील बुरशीची होती. ही बुरशी मुळ्यांचे आणि बुंध्याचे लाकूड आतून कुजवत नेते आणि बाहेर आळंबी दिसते तेव्हा आतला कारभार बराच पुढे गेलेला असतो.

सरांना मी जे समजावले ते इथेही लिहिते, कारण बहुतेक वाद याच ठिकाणी अडतो. झाडाचे पाणी वर नेणारे लाकूड सालीखालच्या बाहेरच्या थरात असते. मधला गाभा जुना झालेला असतो आणि त्याचे काम मुख्यतः आधार देण्याचे असते. त्यामुळे गाभा पूर्ण कुजला तरी झाड हिरवे राहू शकते, फुलू शकते, शेंगा धरू शकते. हिरवेपणा झाड जिवंत असल्याचे सांगतो, ते उभे राहील की नाही हे सांगत नाही. मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मी व्यापाऱ्यांना ऐकवली. ढोली असलेले प्रत्येक झाड पडणारे नसते. पोकळीभोवती उरलेल्या भरीव लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एकतृतीयांश असेल, तर वृक्षतज्ज्ञ ते खोड सहसा टिकाऊ मानतात. बारीक भोक पाडून भुसा पाहिला, तेव्हा या झाडात काही बोटे खोलीवरच ओलसर, काळपट चुरा येऊ लागला. शिवाय झाड रस्त्याकडे झुकलेले होते आणि विरुद्ध बाजूच्या मातीला भेग पडली होती. पोकळी, कुजलेला बुंधा, झुकाव आणि मातीतली भेग ही चारही लक्षणे एकाच झाडात सापडली.

सर बराच वेळ त्या आळंबीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "पण हे असे का झाले? रस्त्यापलीकडची झाडे तर बरी आहेत." प्रश्न अगदी नेमका होता. पलीकडच्या रांगेतली बहुतेक झाडे खरोखरच भरीव वाजली होती. मी मुकादमांना बुंध्याजवळचे दोन पेव्हर ब्लॉक काढायला सांगितले. खाली काँक्रीट होते, आणि ते खोडाला चिकटेपर्यंत ओतलेले होते. ते फोडल्यावर हातभर खाली माणसाच्या मांडीएवढ्या जाडीच्या मुळीचे टोक दिसले. ते यंत्राच्या दात्यांनी सरळ रेषेत तोडलेले होते, आणि त्या जखमेपासूनच कूज खोडाकडे चढत गेली होती. काही वर्षांपूर्वी या बाजूने गटाराचा चर खोदला गेला तेव्हा ओळीतल्या प्रत्येक झाडाच्या एका बाजूच्या मुळ्या अशाच कापल्या गेल्या. खोदकाम कोणाचे होते याची नोंद कागदावर आहे, पण ते काम सुरू करण्यापूर्वी उद्यान विभागाला विचारल्याची नोंद कुठेच नाही. याचे मला आजही वाईट वाटते, कारण चर बुंध्यापासून थोडा लांब घेतला असता किंवा मोठ्या मुळ्यांखालून हाताने खोदला असता, तर यातली कितीतरी झाडे अजून वर्षानुवर्षे उभी राहिली असती. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसंदर्भात दिला होता. आमच्यासारख्या लहान शहरांत मात्र पदपथाचे 'सुशोभीकरण' अजूनही खोडाला काँक्रीट भिडवूनच होते.

तोडलेली मुळी पाहिल्यावर जमलेल्या लोकांमधले दोन पक्ष संपले. एक कापड दुकानदार, जे सकाळी सगळी रांग काढा म्हणत होते, तेच आता पलीकडच्या झाडांभोवतीचे काँक्रीट आजच काढता येईल का, असे विचारू लागले.

दुपार चढल्यावर आम्ही चौकातल्या पर्जन्यवृक्षांकडे आलो. त्यातल्या एका झाडाची रस्त्यावर आलेली फांदी वाळलेली होती आणि खोडात उंचावर मोठी ढोली होती. झाड धोकादायक यादीत जाणार हे उघड होते. तेवढ्यात एक राखी धनेश चोचीत उंबर घेऊन त्या ढोलीच्या तोंडाशी आला. ढोलीचे तोंड लिंपलेले होते आणि एक उभी फट तेवढी मोकळी होती. आत मादी होती. वीण सुरू झाली की धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तिची पिसे झडतात, आणि पिल्ले मोठी होईपर्यंत तिचा जीव नराने आणलेल्या फळांवर असतो. अशा वेळी झाड तोडणे म्हणजे सगळे कुटुंब मारणे. जुनी, ढोलीची झाडे शहरातून गेली तर या पक्ष्याला घर करायला दुसरी जागा नाही, कारण नव्या रोपात ढोली तयार व्हायला काही दशके लागतात. तिथेच निर्णय घेतला, तो असा: वाळलेली फांदी दोराने बांधून, तुकड्या-तुकड्यांनी उतरवायची. खाली रिक्षा लागतात ती जागा पावसाळाभर बंद ठेवायची. पिल्ले उडून गेल्यावर खोड पुन्हा तपासायचे, आणि शक्य झाले तर फांद्यांचे ओझे कमी करून ढोलीसह खोड उभे ठेवायचे. रिक्षावाल्यांची नाराजी होईल असे वाटले होते. त्यांनी मात्र त्याच संध्याकाळी स्वतः बांबू लावून जागा अडवली.

तोडण्याच्या यादीत अखेर आलेली झाडे थोडीच होती. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार नोटीस, हरकती आणि वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी हे सोपस्कार पार पडले. त्यापुढचा प्रश्न मला तोडण्यापेक्षा अवघड वाटतो. 2021 च्या सुधारणेनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. रोपे किमान सहा ते आठ फुटांची हवीत आणि सात वर्षे त्यांची निगा राखावी लागते. हा नियम चांगलाच आहे. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या एका गुलमोहराच्या बदल्यात तितकी रोपे त्याच रस्त्यावर मावत नाहीत. मग ती गावाबाहेरच्या टेकडीवर जातात, आकडा पूर्ण होतो, आणि ज्या पदपथावरून शाळेची मुले उन्हात चालतात तो मात्र उघडा राहतो. म्हणून मी प्रस्तावात आग्रहाने लिहिले की उरलेली रोपे कुठेही लावा, पण प्रत्येक रिकाम्या जागेवर पहिले झाड त्याच रस्त्यावर, त्याच हंगामात लागले पाहिजे. आणि जी झाडे आज भरीव आहेत, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांतही आत्ताच रोपे लावली पाहिजेत, म्हणजे पुढची रांग म्हातारी होईल तेव्हा तिच्या शेजारी पंधरा-वीस वर्षांची झाडे उभी असतील. सगळी रांग एकाच वर्षी लावण्याची चूक आमच्या आधीच्या पिढीने घाईत, दुष्काळाच्या धसक्याने केली. त्यांना दोष देता येत नाही, पण आपण तीच पुन्हा करण्याचे कारण नाही.

कोणती झाडे लावावीत, यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. अनेकांना बहावा, करंज आणि पुन्हा गुलमोहर हवे होते. हे तिन्ही शेंगावर्गीय कुळातले आहेत, आणि पर्जन्यवृक्ष व पेल्टोफोरमही (पिवळा गुलमोहर) त्याच कुळातले. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सँतामोर यांनी 1990 मध्ये शहरी लागवडीसाठी एक सोपा नियम सुचवला होता. एका जातीची झाडे दहा टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून अधिक नसावीत. कीड किंवा रोग आला तर सगळे शहर एकदम उघडे पडू नये, हा त्यामागचा हेतू आहे. मुंबईत पिठ्या ढेकणामुळे वाळलेले पर्जन्यवृक्ष आणि अलीकडे तेलंगणात कडुनिंबांवर आलेली शेंडेमर रोगाची साथ पाहता तो हेतू आपल्याला नीट समजायला हवा. शेवटी वीजवाहिन्यांच्या बाजूला ताम्हण आणि थोडे बहावे, तर मोकळ्या बाजूला कडुनिंब, बकुळ, कुसुंब, पुत्रंजीवा आणि मोजके करंज, अशी मिश्र यादी ठरली. बकुळ फार सावकाश वाढते म्हणून काहींनी नाके मुरडली. सरांनी बकुळीची बाजू इतक्या तळमळीने मांडली की तिची संख्या उलट वाढली.

खड्ड्यांबाबत मी तडजोड केली नाही. मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा असलेल्या या पदपथात दोन फुटी खड्डा करून रोप खोचले, तर ते कुंडीत वाढल्यासारखे गुदमरते. म्हणून मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे घेतले, राडारोडा उचलून चांगली माती आणि शेणखत भरले, दोन-दोन खड्डे जमिनीखालून चराने जोडले, आणि वर पेव्हर ब्लॉकऐवजी मोकळे आळे ठेवले. उन्हाळ्यातील पाण्यासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या पाण्याचा टँकर पुढील तीन वर्षांसाठी ठेक्यातच समाविष्ट केला, कारण रोप मरते ते बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या उन्हाळ्यात, जेव्हा फोटो काढणारे कोणी येत नाही.

रहिवाशांनी आपले निवेदन मागे घेतले नाही, ते बदलून दिले. त्यात आता दोन मागण्या आहेत. पाहणीत भरीव ठरलेल्या झाडांभोवतीचे काँक्रीट काढावे ही पहिली, आणि शहरात कुठेही झाडापासून तीन मीटरच्या आत खोदकाम करायचे असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी बंधनकारक करावी ही दुसरी. पहिले काम पावसाआधी पूर्ण झाले. दुसरी मागणी ठरावाच्या मसुद्यासह सर्वसाधारण सभेपुढे ठेवली आहे. ठेकेदारांच्या हरकती आल्या आहेत, आणि त्यांच्या सुनावणीत दाखवण्यासाठी ती तोडलेली मुळी आम्ही कार्यालयात जपून ठेवली आहे.