मंगळवेढ्याची पाणंद, होळीनंतर

हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याकडे गाड्यांची रीघ लागते. फाल्गुनात ज्वारीची काढणी ऐन भरात असते, तेव्हा मात्र तिकडे कुणी फिरकत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पंढरपुरातला दिवस दर्शनबारीतच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळवेढ्याच्या अलीकडे डांबरी सोडून एका पाणंदीला लागलो. पाऊल टाकलं की फुफाटा घोट्यापर्यंत. दोन्ही अंगांना काळं रान, ज्वारी निघालेल्या वावरात हात आत जाईल एवढ्या भेगा. परतीच्या पावसाची ओल धरून ठेवणारी ही जमीन, त्या ओलीवरच इथली मालदांडी ज्वारी पिकते. 2016 साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. बांधावरच्या कडुनिंबांना तांबूस पालवी फुटली होती, गुढीला लागणारी.

पुढे एक उशिरा पेरलेलं वावर अजून उभं होतं. कडेच्या बाभळीवरून भोरड्या उठल्या. किती, ते सांगता येणार नाही. जाळं फेकावं तसा थवा पसरला, वळला आणि कणसांवर उतरला. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. वजनाने ताटं वाकली. मी खुळ्यासारखा बघत राहिलो, तेवढ्यात वावरातल्या राखणीच्या माळ्यावरून गोफण कडाडली आणि पाठोपाठ बाईमाणसाची खणखणीत हाळी आली. थवा पुन्हा आभाळात.

पाखरं राखायला मावशी उजाडायच्या आत माळ्यावर चढतात. उन्हं चढली, पाखरांचा जोर ओसरला, तशा त्या खाली उतरल्या आणि कोण-कुठला न विचारता म्हणाल्या, "या, भाकरी खावा." बाभळीखाली बसलो. ज्वारीची भाकर, शेंगाची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा. इतकी गोड भाकरी शहरात पैसे टाकून मिळत नाही.

भोरड्या पार मध्य आशियातून येतात, तिकडे त्या टोळ खातात, असं मी सांगितलं.

"टोळ खात्यात? मग हितं बी तेच खावं की. माजी जुंधळ्याची कणसंच बरी घावत्यात!"

नुकसान किती होतं विचारलं तर कणसाकडे बोट केलं. वरचा अर्धा भाग नुसता भुसा, दाणा गायब. "जाऊ द्या. दाणा थोडा गेला तरी कडबा हाय. उन्हाळ्यात जनावरांनी काय खायाचं?" पाखरांवर त्या दिवसभर ओरडतात, पण शिवी एकही ऐकली नाही.

उठताना कडब्याची ट्रॉली आली. पाणंद इतकी अरुंद की आम्ही बांधावर चढलो, तरी पेंढ्यांची टोकं अंगाला घासून गेली. वाट रुंद व्हायलाच हवी. पावसात या चिखलातून माल काढताना लोकांचे हाल होतात. पण पलीकडच्या टप्प्यात वाट रुंद करताना दोन्ही बाजूंच्या बाभळी मुळासकट उपटल्या होत्या. तिथे माणसाला टेकायला सावली नाही, पाखराला बसायला फांदी नाही. एका अंगाने वाढवली तरी ट्रॉली आरामात जाते, दुसऱ्या अंगाच्या बाभळी ठेवा. त्या गावात भेटेल त्याला मी हेच सांगत होतो, इथेही सांगतो.