मागच्याने उतरायचं

समोरच्या चढावर दुपारी दोन पोरं दिसली. एक सायकल, डबलसीट. चढ नीट सुरू व्हायच्या आतच मागच्याने टुणकन उडी मारली आणि कॅरिअरला हात लावून तो पळायला लागला. पुढच्याने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. तो सीटवरून उठून, उभा राहून पायडल मारत राहिला.

मला फार बरं वाटलं. म्हणजे नियम अजून चालू आहे.

शाळेत असताना मी आणि माझा मित्र असेच डबलसीट जायचो, त्यात मागचा कायम मीच. सायकल त्याच्या वडिलांची होती, काळी, अवजड, आणि तिचं सीट आम्हा दोघांनाही उंच. शाळेच्या वाटेवर एक चढ होता. विजेचा खांब आला की मी उतरायचं, असं आमच्यात कधी ठरलं नव्हतं, पण मी खांबापाशीच उतरायचो. चार पावलं उशीर झाला, तर तो बोलायचा नाही. फक्त नाकाने मोठ्याने श्वास सोडायचा. त्या श्वासाला मी अजून घाबरतो. आठवड्यातून दोनदा तरी चेन पडायची. ती बसवायचं काम त्याचं, कारण सायकल त्याची. काळे झालेले हात आधी गवताला आणि उरलेलं काळं चड्डीला. शाळेत पहिल्या तासाला त्याचे हात पाहिले की आज चेन पडली होती का, हे सगळ्या वर्गाला कळायचं.

त्याच्याबरोबरच मी २०१८च्या ऑगस्टमध्ये सायकलने मनालीहून लेहला गेलो. रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा व्हायच्या आधीची गोष्ट, त्यामुळे रोहतांग चढूनच जायचं होतं. पावणेपाचशे किलोमीटर, पाच खिंडी. पण आता दोघांच्या दोन सायकली. मागचा कोणी नाही, त्यामुळे उतरायचं कोणी, हा मोठाच पेच झाला.

सोबत जातो म्हणतात, पण सायकलवर सोबत कसली! दिवसभर एक पाठ दिसते, तीही दोन वळणं पुढे. चढावर बोलायला दम नसतो आणि उतारावर वाऱ्यात ऐकू येत नाही. तांदीच्या पेट्रोल पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशा अर्थाची पाटी होती. आम्हाला पेट्रोलशी काय करायचंय? तरी दोघंही तिच्यापुढे गप्प उभे राहिलो.

आमच्याकडे सगळ्यात हलका गिअर होता पुढे २२ दात, मागे ३४. पायडलची एक फेरी मारली की मागचं चाक जेमतेम पाऊण फेरीही फिरत नाही. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किलोमीटर. म्हणजे माणूस चालतो तेवढाच वेग. उतरून ढकलली असती तरी फार काही बिघडलं नसतं. पण चढावर उतरायचं म्हणजे हरायचं, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की हिशेब समोर असून उपयोग शून्य. म्हणून मग सबबी. गाटा लूप्सची २१ वळणं चढताना त्याने एकाच दरीचे एकवीस फोटो काढले. मी बुटाची नाडी बांधत होतो. माझ्या बुटांना नाडी नव्हती, पट्टा होता. त्याला ते दिसत होतंच.

मोरेच्या मैदानात दुपारचा वारा समोरून यायला लागला. चाळीसेक किलोमीटर सपाट रस्ता, चढ नाही, वळण नाही, सबब सांगायलाही काही नाही. तिथे मी संपलो. दुसऱ्या दिवशी ‘तंगलंग ला’, शेवटची खिंड. सव्वापाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, हे मी निघण्यापूर्वी पाठ केलं होतं. तिथे मात्र आठवत होता तो विजेचा खांब. माथा वर दिसत होता. मी उतरलो. काही न बोलता ढकलायला लागलो.

पुढच्या वळणावर तो सायकलवरून उतरून उभा.

“चेन पडली,” म्हणाला.

मग दोघंही ढकलत निघालो. तासभर असेल, जास्तही असेल. त्या सबंध प्रवासात आम्ही शेजारी शेजारी चाललो ते एवढंच. बोललो मात्र काहीच नाही, दोघांनाही धाप. माथ्यावर पताका फडफडत होत्या, त्याखाली त्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. त्याचे पिवळे हातमोजे सकाळी चढवले तसेच होते, पिवळेधमक. काळा डाग म्हणून नाही.

मी विचारलं नाही. पाणी प्यायलो. खाली रुमत्से गावापर्यंत उतारच उतार, पायडल मारावं लागलं नाही.

ती पोरं चढाच्या टोकाला पोचली. मागचा दोन ढांगा पळाला, उडी मारून कॅरिअरवर बसला. सायकल जरा डगमगली. मग दिसेनाशी झाली.