तुम्ही विचारलंत म्हणून: सहा इंची दुर्बिणीतून दीर्घिकेची ती भुजा खरंच दिसली का?

"दुर्बिणीतून फोटोतल्यासारखं दिसतं का?" या प्रश्नाचं मला आता काही वाटत नाही. नाही दिसत. कॅमेरा तासन् तास प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. करड्या धुराचा डाग दिसतो आणि तो पाहायला मी दरवर्षी जाते, एवढं सांगून मी मोकळी होते.

लागतो तो दुसरा प्रश्न. माझ्या निरीक्षणवहीत एम ५१ या सर्पिल, म्हणजे वळशांच्या भुजा असलेल्या दीर्घिकेचं पेन्सिलचित्र आहे. एक पुसट गोळा, त्याला लागून लहान गोळा आणि मोठ्याच्या पश्चिमेला अर्धवट वळसा. ते पान पाहिलं की जो तो विचारतो, "सहा इंचीतून भुजा? दिसली, की फोटो बघून काढलीस?" विचारणाऱ्यांत दहा-बारा इंची दुर्बिणीवाले जास्त असतात, आणि त्यांच्या आवाजातली खात्री मला झोंबते. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

जागा वेल्ह्याच्या पुढे, घाटमाथ्यावरचं पठार. एप्रिलची अमावास्या. मध्यरात्री एम ५१ उत्तरेला साठ अंशांवर, सप्तर्षींतल्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर. पंचवीस मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावायचं भिंग), म्हणजे 48 पट मोठं दिसतं. डोक्यावर काळी ओढणी, अर्धा तास मोबाईलकडेसुद्धा पाहिलं नव्हतं. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या ऐन मध्यावर नसतात, त्यामुळे रोखून पाहिलं की डाग विरतो आणि नजर जराशी बाजूला नेली की परत येतो. मी नळीला बोटाने हलकी टिचकी मारत होते, कारण पुसट वस्तू हलली की चटकन लक्षात येते. चाळीस मिनिटांत तो वळसा तीनदा आला. प्रत्येक वेळी सेकंदभरही टिकला नाही. पण आला.

बाबा सोबत होते. दुर्बिणीचा आरसा आम्ही दोघांनी घासलेला. पिंपावर काच ठेवून, भोवती फिरत, 80 नंबरच्या कार्बोरंडमपासून (काच घासायची भरड पूड) सुरुवात करून शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. अख्खा पावसाळा गेला. बाबांचं आयुष्य लेथवर गेलं. कुणाला बरं वाटावं म्हणून त्यांनी कधी माप बदलून सांगितलं नाही.

मी त्यांना आयपीसशी उभं केलं. "मधोमध नको बाबा, जरा उजवीकडे बघा. वळसा दिसतोय?"

ते बराच वेळ वाकून उभे होते. मग म्हणाले, "हो गं, दिसला."

"कुठल्या बाजूला?"

"तू म्हणतेस त्याच बाजूला."

मी इतकी हरखले होते की हे वाक्य माझ्या कानांवरून गेलं. वहीत लिहिलं, "बाबांनीही पाहिली. दोघांची साक्ष." कुणी शंका घेतली की मी हेच पान पुढे करायचे.

पुढच्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर गॅलरीत बसून समोरच्या दुकानाची पाटी वाचता वाचता ते सहज बोलून गेले, "त्या रात्री मला काही दिसलं नव्हतं बरं का. गोळासुद्धा नाही. तू इतक्या आशेने विचारत होतीस."

मी दूध बघायला म्हणून आत गेले. दूध तापत नव्हतंच. आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. ते खोटं बोलले याचा राग तीन दिवसांत गेला. उरला तो माझ्यावरचा. काय दिसायला हवं, कुठे दिसायला हवं, हे मीच त्यांना सांगितलं आणि मग त्यांचा होकार पुरावा म्हणून मिरवला. मग स्वतःच्या डोळ्यांना मी काय सांगितलं होतं? एम ५१चा फोटो मला शाळेपासून पाठ आहे.

आधीची मी हटून म्हणायची, लॉर्ड रॉसने 1845 मध्ये आयर्लंडमध्ये याच दीर्घिकेचं सर्पिल रूप पहिल्यांदा टिपलं, तेव्हा त्याच्यासमोर कुठे फोटो होता? खरं आहे. पण त्याचा आरसा 72 इंची होता. आणि त्याच्याआधी जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने 18 इंचीतून हीच पाहून दुभंगलेलं कडं काढलं होतं. इतका मुरलेला डोळा, प्रामाणिक हात, तरी कडं. बरं, फोटो असूनही माणूस फसतो. व्हॅन मानेन या खगोलशास्त्रज्ञाने 1916 मध्ये काचेवरचे फोटो मोजून एम १०१ ही दुसरी सर्पिल दीर्घिका फिरताना दिसते असं जाहीर केलं, आणि पुढे ते मोजमापच चुकीचं ठरलं. तेव्हा "कॅमेरा लाव, वाद मिटेल" म्हणणाऱ्यांना सांगते, भुजा तिथे आहे यावर वाद नाहीच. माझ्या डोळ्यापर्यंत काय पोचलं, हा प्रश्न आहे.

माझ्या बाजूनेही एक गोष्ट आहे. एम १०१चा फोटो मला तितकाच पाठ आहे, पण त्याच दुर्बिणीतून तिथे मला एकही भुजा कधी दिसली नाही, आणि मी काढलीही नाही. मनच चित्र काढत असेल तर तिथे का नाही काढलं? यावर मीच मला म्हणते, एम १०१ फारच फिकी आहे, एम ५१ उजळ, तिथे मनाला धरायला काहीतरी मिळतं. इथे माझं माझ्याशीच अडतं.

गेल्या एप्रिलमध्ये बाबांना पुन्हा नेलं. या वेळी तोंडातून शब्द काढला नाही. कागद, पेन्सिल आणि लाल बॅटरी दिली आणि गाडीपाशी जाऊन बसले. तास गेला. त्यांनी दोन गोळे काढले होते, एक मोठा, एक लहान, अंतर जवळपास माझ्याच इतकं. मोठ्याच्या कडेला पुसट रेघही होती, पण पूर्वेला, माझ्या उलट बाजूला. एम ५१ला भुजा दोन आहेत. आणि तिचा फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे, तो बाबांनी रोज पाहिलेला.

"ही भुजा का?" मी विचारलं.

"तिथे काहीतरी आहे असं वाटलं," ते म्हणाले. "वाटलं, एवढंच लिही."

मी तेवढंच लिहिलं.